हिमटेकड्या व हिमसंचय

ध्रुवीय हिमस्तरांवर वाऱ्याने वाहून आणलेल्या हिमाचे उंचवटे व लाटा म्हणजे हिमटेकड्या. वर्षाअखेर कोणत्या जागी किती हिम टिकेल, हे अंतर्भागात बऱ्याच अंशी वाराच ठरवतो.

पूर्व अंटार्क्टिकाचे पठार विलक्षण कोरडे आहे. तिथल्या व्होस्टोक या रशियन संशोधन केंद्राजवळ वर्षभर साठलेल्या हिमाचे पाणी केले, तर ते जेमतेम २० मिलिमीटर भरते. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता. इतक्या तुटपुंज्या संचयात वाऱ्याने उडवलेला पातळ थरही वर्षाचा हिशेब बिघडवतो.

वाऱ्याने दाबून कठीण झालेले हिम पुन्हा वाराच कोरतो, तेव्हा सास्त्रुगी तयार होतात. या धारदार कडा वाऱ्याला समांतर असतात, त्यांचे टोक वाऱ्याच्या तोंडाशी असते आणि उंची काही सेंटिमीटरपासून एक मीटरच्या पुढेही जाते. ढगाळ उजेडात सावली पडत नसल्याने त्या दिसतच नाहीत. स्लेज उलटतात आणि स्कीवर उतरणाऱ्या विमानांना धोका होतो, तो यामुळेच.

मेगाड्यून हा सर्वांत नवलाचा प्रकार. त्यांची उंची २ ते ४ मीटर, पण दोन माथ्यांतले अंतर २ ते ५ किलोमीटर. त्यामुळे त्यांच्यावर उभे राहूनही त्या जाणवत नाहीत. उपग्रहचित्रांतूनच त्यांचा विस्तार कळला, आणि तो ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. पठारावरून उताराने वाहणारा थंड, जड वारा टेकडीच्या वाऱ्याकडील बाजूला मंदावतो आणि हिम टाकतो. पलीकडच्या तीव्र उतारावर त्याचा वेग वाढतो. तिथे हिम टिकत नाही, पृष्ठभाग गुळगुळीत व चकचकीत होतो आणि खालचे कण वर्षानुवर्षे वाढून भरड होतात. भर सतत वाऱ्याकडील बाजूवर पडत असल्यामुळे टेकडी वाऱ्याच्या उलट दिशेने सरकते.

संचय मोजण्यासाठी बांबूच्या किंवा धातूच्या काठ्या रोवून त्यांची उघडी उंची ठरावीक काळाने नोंदवतात. उंचीतील फरकाला घनतेने गुणायचे: १० सेंटिमीटर वाढ आणि घनता पाण्याच्या ०.३५ पट असेल, तर ३५ मिलिमीटर पाणी. एकट्या काठीवर कधीच विसंबू नये, कारण तिच्याजवळून एखादी सास्त्रुगी सरकली तरी आकडा फसवा येतो. म्हणून अनेक काठ्यांची जाळी रोवून सरासरी काढतात. खालचे हिम दबून काठी खचते, त्याचीही दुरुस्ती करावी लागते.

मेगाड्यूनच्या चकचकीत बाजूवर हिमगाभा, म्हणजे खोल छिद्र पाडून हिमाचा उभा दंडगोल नमुना, काढला, तर कित्येक वर्षांचे थर गहाळ निघतात. गाभ्याची जागा निवडण्यापूर्वी जमिनीवरील रडारने थरांची सलगता तपासतात.