‘देव झेपेल तेवढंच देतो’ हे बायबलमध्ये नाही

बडोद्यात कुणाच्या घरी मयत झाली किंवा सयाजी हॉस्पिटलात कुणी अत्यवस्थ असलं, की भेटायला आलेलं कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतंच, “देव झेपेल तेवढंच ओझं देतो, बायबलात लिहिलंय.” नाही लिहिलेलं.

ज्या वचनावरून हे आलं, ते १ करिंथ १०:१३, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं. तिथे विषय दुःखाचा नाहीच. आधीच्या ओळींत अरण्यातले इस्राएली, त्यांची मूर्तिपूजा, त्यांची कुरकुर. मग धीर दिलाय, की मोह आवरताच येणार नाही असं होत नाही. देव सुटकेची वाट ठेवतो.

उलट २ करिंथच्या, म्हणजे दुसऱ्या पत्राच्या, पहिल्याच अध्यायात पौल सांगतो, की आसिया प्रांतात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, त्याच्यावरचं संकट शक्तीपलीकडचं होतं. जगण्याचीही आशा सुटली होती. कशासाठी? तर भरवसा स्वतःवर नव्हे, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर बसावा म्हणून (१:८-९). प्रेषिताला झेपलं नाही, आणि त्यानं ते चक्क पत्रात लिहून कळवलं! बाराव्या अध्यायात ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारा कसलातरी त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी आहे. काटा राहिला, कृपा मिळाली.

म्हणून मला हे वाक्य सांत्वनापेक्षा टोचणीच वाटतं. आधीच कोलमडलेल्या बाईला वाटतं, आपलाच विश्वास तोकडा.

देवावर भरवसा म्हणून औषधं सोडायची, हेही त्यातून निघत नाही. पौलानंच आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. आणि २ करिंथ १:११ मध्ये तो करिंथकरांकडे प्रार्थनेची मदत मागतो. भेटायला जाल तेव्हा तीच करा, जमलं तर जेवणाचा डबाही न्या.