युद्धाच्या आठवणींच्या फेऱ्या : कोणत्या महिन्यात काय, आणि येताना काय लक्षात ठेवायचं

‘मुंबईत युद्धाचं संग्रहालय कुठे आहे? मुलांना दाखवायचंय,’ असं विचारणारे फोन आम्हाला सारखे येतात. तसं एक होतं, तेही पाण्यावर, आणि आता नाही. ‘आयएनएस विक्रांत’ ही जुनी विमानवाहू युद्धनौका १९९७ मध्ये नौदलातून निवृत्त झाली. त्यानंतर काही वर्षं तिच्यावर संग्रहालय चाललं, २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ मध्ये जहाज भंगारात निघालं. तिच्या लोखंडातून घडवलेलं स्मारक लायन गेटजवळ आहे. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास जी फेरी असते, तिच्यात आपण तिथे थांबतो. ‘एवढंच?’ असं बहुतेकजण म्हणतात. आम्हीही म्हणतो.

तेव्हा एका छपराखाली सगळं बघायला मिळेल, ही आशा सोडून या. आमच्या फेऱ्या तारखा धरून आखलेल्या असतात : जी गोष्ट ज्या दिवसांत घडली, ती त्याच दिवसांत, त्याच रस्त्यावर उभं राहून सांगायची. सोबत जवळचं एखादं संग्रहालय.

सगळ्यात जास्त मागणी एप्रिलच्या फेरीला असते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या, लाकूड, तेलाची पिंपं आणि सोन्याच्या विटा. काय कशाशेजारी ठेवलं होतं ते ऐकलं की गोदीत काम केलेली माणसं डोक्याला हात लावतात. स्फोटकांच्या जहाजावर लाल बावटा हवा, तो नव्हता. दुपारी धूर दिसला, बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. स्फोटांचा हादरा पार सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. पेटत्या गासड्या उडून वस्त्यांवर पडल्या, एक सोन्याची वीट तर मैलभर लांबच्या घराचं छप्पर फोडून आत आली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, आणि देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो या जवानांच्या आठवणीत.

गोदीच्या आत आम्ही नेत नाही, भिंतीबाहेरून, पी. डिमेलो रस्त्यावरून सांगतो. १४ तारखेला आंबेडकर जयंती असते, रस्ते भरलेले असतात, म्हणून फेरी त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी ७ वाजता. उशीर केलात तर उन्हाचा त्रास तुम्हालाच.

तिथून बसने भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला बराकी हव्या झाल्या आणि फोर्टमधल्या टाउन बराकीतून या संग्रहालयाचा मूळ संग्रह हलवावा लागला; आजची इमारत १८७२ पासूनची. एकदा आम्हीच बुधवारी वीस माणसं घेऊन दारात पोचलो होतो. बुधवारी हे संग्रहालय बंद असतं. चूक सर्वस्वी आमची. पैसे परत केले, वर वडापाव दिला.

पावसाळ्यात रस्त्यावरची फेरी नसते. जून ते सप्टेंबर आपण आत असतो, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. बाहेरच्या भिंतीपासूनच सुरुवात करतो : कुर्ल्याचा करडा दगड, मालाडचा पिवळसर. इमारत बांधून झाली आणि पहिलं महायुद्ध पेटलं. मूर्ती आणि चित्रं येण्याऐवजी इथे लष्करी रुग्णालय आलं. मधल्या घुमटाखाली उभं राहून आम्ही मुलांना विचारतो, खाटा कुठे मांडल्या असतील? वारा कुठून येतो? पोरं पळत जाऊन खिडक्या मोजतात. मोठी माणसं मोबाइल काढतात. लोकांसाठी दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ ला.

याच संग्रहालयात नोव्हेंबरलाही एक फेरी ठेवतो, कारण तारीखच तशी आहे. पायाचा दगड बसला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी, आणि बरोबर तेरा वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबलं. त्या फेरीचा दुसरा टप्पा मशीद बंदरच्या नाविकगृहाचा. पहिल्या महायुद्धात समुद्रातच गेलेल्या, कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक तिथे आहे. कोकणातून आलेले कितीतरी खलाशी आणि सारंग तेव्हा आगबोटींवर होते. घरात तशी कुणाची आठवण असेल तर आधी सांगा, रमतगमत बघू. परवानगी मिळाली तरच आत जाता येतं. नाही मिळाली तर बाहेरून बोलतो आणि त्या टप्प्याचे पैसे घेत नाही.

फेब्रुवारीत १८ तारखेच्या आसपास कुलाब्याची फेरी : १९४६ चा नौदल उठाव, ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रातल्या निकृष्ट जेवणावरून पेटलेला. कूपरेजजवळचं स्मारक, मग पहिल्या अफगाण युद्धातल्या मृत सैनिकांच्या आठवणीत बांधलेलं अफगाण चर्च. काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत त्या भागात आम्ही फिरकत नाही, गर्दीत आमचा आवाज पोचत नाही. ज्या पुतळ्यावरून भागाला नाव पडलं तो खरा काळा घोडा बघायचा असेल तर तो १९६५ पासून भायखळ्यालाच आहे, पाठीवरच्या सातव्या एडवर्ड राजासकट.

संग्रहालयाचं तिकीट आमच्या शुल्कात धरलेलं नाही. मोठ्या बॅगा आणू नका, सामानघरात ठेवाव्या लागतात. चपला झिजलेल्या नकोत. घरात जुनं पदक, शिधापत्रिका किंवा फोटो असेल तर मूळ वस्तू घरीच राहू द्या, मोबाइलवर फोटो काढून आणा. फोटो काढण्यापूर्वी पदक चिंच लावून घासू नका; वरची झाक जाते आणि कडेला कोरलेलं नाव, नंबर पुसट होतात. नेमकं तेच आपल्याला वाचायचं असतं.