‘कामिनी’पासून बारा अक्षरी क्रमांकापर्यंत

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले. तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत आपले नाव सांगताना ऐकू येते. त्याचे कारण असे सांगतात की मूळ मुद्रणे छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि लेबलावर कोणाचे नाव घालायचे हे तिथल्या कारागिरांना ऐकूनच कळे. गाण्याची ओळख गाण्यालाच बांधून पाठवायची, हे मेटाडेटाचे, म्हणजे गाण्याबद्दलच्या माहितीचे, काम तेव्हाही होतेच. फक्त ते नाव तबकडी ओळखायला आणि विकायला हवे होते. पैशांची वाटणी त्यावर अवलंबून नव्हती.

विक्रीपुरते कोणते नाव चालेल, हा हिशेब पुढे बराच काळ टिकला. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी म्हणजे पडद्यावरच्या मधुबालाची भूमिका! श्रोत्यांनी रेडिओकडे चौकशी केली, रेडिओने कंपनीला विचारले, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. चुकीचा रकाना श्रोत्यांनी दुरुस्त करून घेतल्याचे याहून गाजलेले उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

उलट टोकाचा पेचही लताबाईंच्याच नावावर आहे. ‘साधी माणसं’ या चित्रपटाचे संगीतकार ‘आनंदघन’, म्हणजे त्या स्वतःच. श्रेयनामावलीत टोपणनाव शोभून दिसते, पण रॉयल्टी जमा करणाऱ्याने खाते कोणाचे उघडायचे? संगीतकार-गीतकारांच्या संस्था आयपीआय हा व्यक्तीची ओळख पटवणारा क्रमांक वापरतात तो यासाठी. एका माणसाची कितीही नावे असोत, ती सगळी एकाच मूळ क्रमांकाला बांधलेली राहतात.

कायद्याने मात्र बरीच वर्षे लेबलावरच्या या नावांना वजनच दिले नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा आला, १९६९ मध्ये गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था निघाली. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वेगळा करार नसेल, तर मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच. गायकाला तर कायद्यात हक्कच नाही, याकडे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाच्या पुरवणी टिपणात लक्ष वेधले. अशा व्यवस्थेत गीतकाराचा रकाना कोरा राहिला तरी कोणाचे अडत नव्हते.

क्रमांकांची घडी तोवर बाहेर बसत होती. १९८६ मध्ये आयएसआरसी हे बारा अक्षर-अंकांचे मानक आले. ते प्रत्येक मुद्रणाला एक. रचनेसाठीचे आयएसडब्ल्यूसी २००१ मध्ये आले. दोन्ही का लागतात? ‘ऐरणीच्या देवा तुला’ ही जगदीश खेबूडकरांचे शब्द असलेली रचना एकच. लताबाईंचे मुद्रण निराळे आणि उद्या कोणी नव्याने गायले तर तेही निराळे. जाहिरातीत जुने मुद्रण वाजवायचे, तर मुद्रणाच्या मालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि रचनेच्या मालकाची वेगळी.

एमपीथ्रीने या दोन्हींचा गोंधळ केला. १९९६ ची आयडीथ्री ही गाण्याची माहिती ठेवणारी पट्टी फाइलच्या शेवटी १२८ बाइटांत बसवलेली (गौहर जानची जागा तीच!). शीर्षक, कलाकार आणि अल्बमला प्रत्येकी ३० अक्षरे. गीतकार-संगीतकाराला जागाच नाही. गीत, संगीत, स्वर या त्रयीने गाणी ओळखणाऱ्या आपल्यासारख्यांना हा साचा कधीच पुरता बसला नाही. अल्बमच्या जागी चित्रपटाचे नाव घालून आपण वेळ मारून नेली. पुढच्या आवृत्तीत हवे ते रकाने आले खरे, पण भरायचे कोणी?

ते भरण्याची निकड आली २०१२ च्या कायदादुरुस्तीने. तिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत हिरिरीने बोलले होते. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरात गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा मिळू लागला, आणि हा हक्क निर्मात्याला लिहून देण्याची वाटही बंद झाली. आता नावाच्या शुद्धलेखनालाही किंमत आली, कारण रोमन लिपीत एकच मराठी आडनाव अनेक तऱ्हांनी लिहिले जाते. अमेरिकेत २०२१ मध्ये स्ट्रीमिंग कंपन्यांनी हक्कदारांशी न जुळलेली सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलरची जुनी रॉयल्टी तिथल्या एमएलसी या रॉयल्टी वाटणाऱ्या संस्थेकडे सोपवली. त्यावरून या घोळाचा आवाका कळतो.

आपल्या जुन्या गाण्यांची नावे बऱ्याच अंशी हौशी संग्राहकांनी जपली. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांनी तर हिंदी चित्रपटगीतांचे दशकवार कोशच केले. गीतकार कोण, हे त्यात मिळते. कोणाचा किती टक्के, यासाठी मात्र जुनी करारपत्रेच काढावी लागतात.