रोमन पाव: घरच्या लापशीपासून गल्लीतल्या भट्टीपर्यंत

इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन गावातल्या एका भट्टीचं लोखंडी दार १८६२ साली उघडलं, तेव्हा आत ८१ पाव सापडले. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात त्यांचा कोळसा झाला होता. त्या गावात अशा तीसेक भट्ट्या होत्या. मुळात मात्र रोमन लोक पाव खाणारे नव्हते.

कित्येक शतकं ते लापशीवर जगले. त्यांचं धान्य होतं एमर, म्हणजे आपल्याकडचा खपली गहू. याची टरफलं मळणीत सुटत नाहीत. तो भाजून उखळात कांडावा लागतो. भाजल्यावर पिठाचा चिकटपणा जातो आणि कणीक फुगत नाही. मळणीतच मोकळा होणारा गहू रुळला, तेव्हा कुठे फुगलेला पाव रोजचा झाला. रोमन लेखक प्लिनी लिहितो की मॅसेडोनियाच्या पर्सियस राजाशी झालेल्या युद्धापर्यंत (इ.स.पू. १७१-१६८) रोममध्ये धंदेवाईक पाववाले नव्हते, घरोघरी बायकाच पाव करत.

धंदा उभा राहिला तो जात्याच्या जोरावर. पॉम्पेईचं जातं लाव्हाच्या दगडाचं असे. खाली शंकूसारखा स्थिर दगड आणि त्यावर डमरूच्या आकाराचा पोकळ दगड. वरच्या तोंडात धान्य ओतायचं, डमरूच्या कमरेला लाकडी चौकट बसवायची आणि तिला गाढव किंवा माणूस जुंपायचा. दोन दगडांतली फट नेमकी राखणं हे खरं कसब: वरचा दगड खाली बसला की दगडावर दगड घासून पिठात कच येते. लाव्हाला बारीक छिद्रं असल्यामुळे तो झिजला तरी खरखरीत राहतो, म्हणूनच त्याला पसंती होती.

कणीक मळायला दगडी कुंड असे. मधल्या उभ्या दांड्याला लाकडी पाती, आणि कुंडाच्या कडेतून आत खुपसलेल्या आडव्या खुंट्या. या खुंट्या नसतील तर सगळा गोळा दांड्याबरोबर नुसताच फिरतो, मळला जात नाही. खमीर म्हणून बहुतेक वेळा आदल्या दिवशीची कणीकच वापरत. घुमटाच्या भट्टीत आतच जाळ करायचा, विटा तापल्या की राख ओढून काढायची, पाव सारायचे आणि दार लावायचं. बहुतेक पावांवर आठ भागांच्या खाचा असत. त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या शेजारच्या हर्क्युलेनियम गावच्या एका पावावर शिक्काही आहे: क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम केलेर.

गुलामांचा उल्लेख टाळून हा इतिहास सांगताच येत नाही. पॉम्पेईत २०२३ साली समोर आलेल्या एका पावखान्याच्या लहान खिडक्यांना लोखंडी गज आहेत आणि बाहेर पडायला रस्त्याकडे दारच नाही. आत माणसं आणि गाढवं एकत्र कोंडलेली असत.

खुद्द रोममध्ये या धंद्याला बळ दिलं ते सरकारी धान्याने. इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्राकस या लोकनेत्याने नागरिकांना स्वस्त धान्य देण्याचा कायदा केला. पुढे महिन्याला ५ मोदियस (रोमन धान्यमाप), म्हणजे साधारण ३३ किलो गहू मिळू लागला. इ.स.पू. ५८ मध्ये क्लोडियस या दुसऱ्या लोकनेत्याने तो फुकट केला. पण चाळीतल्या खोलीत ना जातं, ना भट्टी. मिळालेला गहू पाववाल्याकडेच न्यावा लागे. तिसऱ्या शतकात ऑरेलियन बादशहाने हा फेराच बंद केला आणि धान्याऐवजी थेट पाव वाटायला सुरुवात केली.