दुधासारखं औषध आणि न लागलेली झोप

२५ जून, म्हणजे पॉप गायक मायकेल जॅक्सनचा स्मृतिदिन, जवळ आला की त्याचे व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतात आणि त्यांच्याखाली कुणीतरी हमखास लिहितंच: 'बिचारा, झोपेच्या गोळ्यांनी गेला.' एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत. ज्या औषधाने तो मुख्यतः गेला त्याची, म्हणजे प्रोपोफॉलची, गोळी नसते, ते शिरेतूनच द्यावं लागतं. आणि ते झोपेचं औषधच नव्हे, भूल देण्याचं आहे. पहिली चूक सोडून देता येईल. दुसरी खुद्द जॅक्सनचीही होती, म्हणून हा लेख.

आधी थोडं त्याच्याविषयी. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात गॅरी नावाचं पोलाद कारखान्यांचं गाव आहे. तिथे २९ ऑगस्ट १९५८ ला त्याचा जन्म झाला. वडील कारखान्यात क्रेन चालवायचे. पाच भावांचा 'जॅक्सन फाइव्ह' गाजला, तेव्हा मुख्य आवाज असलेला मायकेल अकरा वर्षांचा होता. १९८२ च्या अखेरीस 'थ्रिलर' आला आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये त्याने एकाच रात्री आठ ग्रॅमी नेले. १९९६ मध्ये तो मुंबईत अंधेरीला नाचून गेला, तेव्हाची गर्दी पाहिलेले लोक अजून त्याच गोष्टी सांगतात.

मूनवॉक, म्हणजे पुढे चालल्याचा भास देत मागे सरकण्याचा नाच, त्याने १९८३ मध्ये पॅसाडिना इथल्या एका कार्यक्रमात केला. त्यातली युक्ती शाळेतल्या घर्षणाच्या धड्याची आहे. सगळं वजन टाच उचललेल्या पायाच्या चवड्यावर असतं. सपाट टेकलेल्या पायावर वजन नसतं, म्हणून तो सहज मागे घसरतो. आपल्या डोळ्यांना मात्र माणूस सपाट पायावर उभा आहे असंच वाटतं आणि तिथे आपण फसतो. ४५ अंशांत पुढे झुकायच्या करामतीसाठी तर टाचेत खाच असलेले बूट होते. मंचातून वर आलेल्या खिळ्यात ती खाच अडकवायची. १९९३ मध्ये या युक्तीला अमेरिकन पेटंट मिळालं आणि संशोधकांमध्ये जॅक्सनचं नाव आहे. खरं सांगायचं तर मी या बुटांवरच लिहायला बसलो होतो. ते राहू दे.

उतरण कुठून लागली ते सांगणं अवघड, पण एक तारीख ठळक आहे. २७ जानेवारी १९८४, लॉस एंजेलिस. जाहिरातीच्या चित्रीकरणात आतषबाजी चुकली, केसांनी पेट घेतला आणि टाळू भाजली. वेदनाशामकं सुरू झाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये आपण या औषधांच्या आहारी गेलो आहोत असं त्याने स्वतःच जाहीर केलं आणि दौरा अर्धवट सोडला. त्याच वर्षी लहान मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप झाला. ते प्रकरण पैसे देऊन मिटवलं गेलं. नंतरच्या दुसऱ्या खटल्यात जून २००५ मध्ये तो सर्व आरोपांतून निर्दोष सुटला. आरोप मात्र त्याच्या मृत्यूनंतरही होत राहिले.

त्याच्या कातडीबद्दल बोललंच पाहिजे. 'गोरं व्हायला त्याने रंग बदलून घेतला' हे आजही लोक छातीठोकपणे सांगतात. १९९३ च्या टीव्ही मुलाखतीत त्याने आपल्याला त्वचेचा आजार असल्याचं सांगितलं होतं आणि शवविच्छेदनाच्या अहवालातही कोडाची नोंद आहे. कोडात शरीराच्याच संरक्षक टी-पेशी त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशींना शत्रू समजून मारतात. डाग फार पसरले तर उरलासुरला रंग मलमाने घालवून कातडी एकसारखी करणं, हा एक मान्य उपचार आहे. यात पाप, शाप, संसर्ग काहीही नाही. त्याच्याविषयी अशा कंड्या पिकवणं हा एक धंदाच होता. १९८६ मध्ये प्राणवायूच्या काचेच्या पेटीत झोपलेला त्याचा फोटो छापून आला आणि तो दीडशे वर्षं जगणार म्हणून तिथेच झोपतो, अशी बातमी जगभर फिरली.

खरी अडचण अशी की तो झोपतच नव्हता. मैफल संपल्यावर शरीर तासन् तास शांत होत नाही, हे अनेक कलाकार सांगतात. २००९ च्या मार्चमध्ये लंडनच्या कार्यक्रमांची घोषणा झाली आणि पाहता पाहता त्यांची संख्या ५० वर गेली. वय ५०, तालमी सुरू, झोप नाही. दिमतीला महिना दीड लाख डॉलर ठरवलेला एक हृदयरोगतज्ज्ञ होता, कॉनराड मरे. जॅक्सनने मागितलं होतं ते औषध प्रोपोफॉल. तो त्याला 'दूध' म्हणायचा.

नाव चपखल आहे. १९७३ मध्ये ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन या पशुवैद्यकाने या रेणूचे गुण हेरले. रेणू तेलकट, पाण्यात विरघळत नाही. आधी वापरलेल्या द्रावकाची काहींना तीव्र ॲलर्जी येऊ लागली, तेव्हा सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घेऊन त्याचं पायस, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, बनवलं. तेलाचे सूक्ष्म थेंब प्रकाश सगळीकडे विखुरतात, म्हणून ते पांढरं दिसतं. दूधही याच कारणाने पांढरं असतं.

मला हे एकदा एंडोस्कोपीच्या वेळी दिलं गेलंय. हाताच्या पाठीवरच्या सुईपासून कोपराकडे आग चढत गेली. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "थोडं झोंबेल हं." मी "बरं" म्हणालो की नाही, ते आठवत नाही. त्यानंतर थेट दुसऱ्या खोलीतला पडदा. झोपेतून उठल्यावर साधारण किती वेळ गेला याचा अंदाज असतो, इथे मधला वेळ कात्रीने कापून काढलेला. आणि उठल्यावर विलक्षण हलकं, ताजंतवानं वाटत होतं. नेमकी इथेच फसगत होते.

आता माझा आवडता भाग. मेंदूतल्या पेशींच्या आवरणात गाबा-ए नावाचे रिसेप्टर असतात. पाच फळ्या गोल उभ्या करून पिंप बनवावं, तशी पाच प्रथिनं आणि मधून आरपार भोक. गाबा हे रसायन येऊन चिकटलं की भोक उघडतं, ऋण भाराचे क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशी गप्प होते. व्हॅलियमच्या कुळातली, मन शांत करून गुंगी आणणारी औषधं पिंपाच्या बाहेरच्या काठाशी बसतात आणि गाबाचं काम सोपं करतात. पण गाबा आलाच नाही तर ती दार उघडू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या परिणामाला एक छत असतं. प्रोपोफॉल खाली, आवरणात रुतलेल्या भागात, दोन फळ्यांच्या फटीत घुसतं. मात्रा वाढली की ते गाबाची वाट न पाहता दार सताड उघडतं. दोन्ही औषधं एकदम दिली तर परिणाम बेरजेपेक्षा जास्त होतो.

मग माणूस पाच-दहा मिनिटांत जागा कसा होतो? औषध शरीराबाहेर गेलं म्हणून नव्हे. नळांनी जोडलेले तीन हौद डोळ्यांसमोर आणा. मेंदूचा हौद छोटा, पण त्याला रक्ताचा नळ जाड. स्नायूंचा हौद मोठा, नळ मध्यम. चरबीचा हौद प्रचंड, नळ बारीक. सुई टोचल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात पहिला हौद भरतो. लगेच स्नायू ओढू लागतात, रक्तातली पातळी घसरते आणि मेंदूतलं औषध परत रक्तात उतरतं. एकच टोचा असेल तर खेळ इथे संपतो. सलाईनसारखं थेंब थेंब चालू ठेवलं, तर मागचे हौदही भरत जातात आणि मग पातळी खाली यायला जास्त वेळ लागतो.

या हौदांवरच पुढे मरेविरुद्धचा खटला लढला गेला. मरेने पोलिसांना सांगितलं की मृत्यूच्या आदल्या रात्रभर व्हॅलियम आणि त्याच कुळातली लोराझेपाम, मिडाझोलाम देऊनही झोप लागेना, म्हणून सकाळी १०:४० च्या सुमारास त्याने २५ मिलिग्रॅम प्रोपोफॉल दिलं. जॅक्सनचं वजन सुमारे ६२ किलो. पूर्ण भुलेला किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम धरा, म्हणजे १२४ लागले असते. २५ म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. पाच लिटर रक्तात ते सगळं कोंडून ठेवता आलं असतं, तर पातळी मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम झाली असती. पण हौद गळके आहेत, दहा मिनिटांत तिचा थोडासाच अंश उरतो. शवविच्छेदनात मांडीच्या शिरेतल्या रक्तात २.६ मायक्रोग्रॅम सापडलं. (मांडीचं रक्त घेतात, कारण मृत्यूनंतर औषधं छातीतल्या अवयवांमधून आसपासच्या रक्तात झिरपतात.) ही पातळी शस्त्रक्रियेच्या टेबलावर, औषध चालू असलेल्या माणसाची. सरकार पक्ष म्हणाला, प्रोपोफॉलचं सलाईन चालू होतं. बचाव पक्ष म्हणाला, जॅक्सनने स्वतःच टोचून घेतलं. एप्रिल ते जूनमध्ये मागवलेलं प्रोपोफॉल साडेपंधरा लिटर भरलं. ७ नोव्हेंबर २०११ ला ज्युरीने मरेला सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी धरलं. शिक्षा झाली चार वर्षांची.

सुमारे दोन महिने, जवळजवळ रोज रात्री हे औषध दिल्याचं मरेनेच सांगितलं होतं. त्या रात्रींत जॅक्सन झोपला का? झोपेत मेंदू साधारण दर ९० मिनिटांनी टप्पे बदलतो. संथ लाटांची गाढ झोप येते, मग डोळे भिरभिरणारी स्वप्नांची 'रेम' झोप, मग पुन्हा गाढ. दिवसभर साचलेलं, झोपेची ओढ लावणारं ॲडिनोसिन हे रसायन उतरतं. शिवाय हाक मारली की माणूस उठतो. प्रोपोफॉलखाली हे चक्र फिरत नाही. मेंदूलहरी एकाच सुरात अडकतात, मात्रा वाढली तर मध्ये मध्ये सपाट होतात, आणि पोटावर सुरी चालली तरी माणूस उठत नाही. २०१३ च्या दिवाणी दाव्यात हार्वर्डचे निद्रातज्ज्ञ चार्ल्स झाइस्लर यांनी साक्ष दिली की जॅक्सन कदाचित ६० दिवस खऱ्या झोपेविना राहिला असावा. मला हे जरा जास्त ठाम वाटतं. जागवून ठेवलेल्या उंदरांना प्रोपोफॉलखाली ठेवल्यावर झोपेची काही थकबाकी फिटल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पण औषध चालू असताना रेम झोप दबते, याबद्दल फारसा वाद नाही.

यात माणूस मरतो तो श्वासामुळे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की 'श्वास घे' म्हणणारं मेंदूच्या देठातलं केंद्र प्रोपोफॉलने मंदावतं. जबड्याचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते, हवेची वाट बंद. भूलतज्ज्ञ अशा वेळी दोन बोटं हनुवटीखाली घालून जबडा वर उचलतो आणि लागलंच तर मास्क लावून पिशवी दाबतो. औषध आपोआप ओसरेपर्यंत तेवढं पुरतं.

त्या शयनगृहात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर होता, पण त्याला आवाज करणारा अलार्म नव्हता. मरेने पोलिसांना सांगितलं की तो दोनच मिनिटं बाहेर गेला होता. फोनच्या नोंदी त्याहून लांबलचक निघाल्या. परत आल्यावर त्याने ०.२ मिलिग्रॅम फ्लुमाझेनिल टोचलं. हा व्हॅलियमच्या कुळावरचा उतारा, पिंपाच्या काठावर बसलेल्यांना हुसकावून लावणारा. फळ्यांच्या फटीत बसलेल्या प्रोपोफॉलवर उतारा तेव्हाही नव्हता, आजही नाही. रुग्णवाहिकेला फोन गेला तो दुपारी १२:२१ ला.