दोन एकेरी, एक दुहेरी: बिली जीन किंग कपची घडण

एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी संकुलात बिली जीन किंग कप या महिलांच्या जागतिक सांघिक टेनिस स्पर्धेच्या आशिया-ओशनिया गटाच्या लढती झाल्या. संकुल महामार्गालाच लागून आहे. त्यामुळे साताऱ्याहून पहाटे निघून खंबाटकी ओलांडली की पुण्याच्या गर्दीत न शिरता सकाळच्या सामन्याला पोहोचता येतं. जिल्ह्यात रॅकेट धरणाऱ्या मुलींना ही स्पर्धा आता परकी राहिलेली नाही. तिचा आराखडा असा का झाला, हे त्यांना माहीत असायला हवं.

कल्पना जुनी आहे. अमेरिकन खेळाडू हेझल हॉचकिस वाइटमन यांनी १९१९ मध्येच महिलांच्या सांघिक स्पर्धेचा विषय काढला होता. त्यांनी दिलेल्या चषकावर १९२३ पासून वाइटमन कप सुरू झाला, पण तो अमेरिका आणि ब्रिटन या दोनच देशांपुरता राहिला. पुरुषांचा डेव्हिस कप १९०० पासून चालू होता. महिलांसाठी मात्र १९६३ उजाडावं लागलं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या पन्नाशीनिमित्त लंडनच्या क्वीन्स क्लबवर १६ देशांचा फेडरेशन कप झाला; हेच आजच्या स्पर्धेचं मूळ नाव. त्यामागे नेल हॉपमन आणि मेरी हार्डविक हेअर यांचा पाठपुरावा होता. बक्षिसाची रक्कम नव्हती आणि खर्च ज्याचा त्याने करायचा होता.

त्या पहिल्याच अंतिम लढतीत या आराखड्याचं मर्म दिसलं. ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट स्मिथने अमेरिकेच्या डार्लीन हार्डला हरवलं, अमेरिकेच्या बिली जीन मॉफिटने ऑस्ट्रेलियाच्या लेस्ली टर्नरला. १-१. मग त्याच चौघी दुहेरीसाठी उतरल्या आणि हार्ड-मॉफिट जोडीने ३-६, १३-११, ६-३ अशी बाजी मारली. ही मॉफिट म्हणजेच पुढची बिली जीन किंग. २०२० मध्ये स्पर्धेला तिचंच नाव मिळालं.

सुरुवातीची तीस वर्षं सगळे देश एकाच ठिकाणी, साधारण आठवडाभरात खेळत. संघ वाढत गेले तसं यजमानाला कोर्ट पुरवणं जड झालं, म्हणून १९९२ पासून विभागीय पात्रता फेरी आली. १९९५ मध्ये नाव 'फेड कप' झालं आणि वरच्या गटात घरच्या-बाहेरच्या मैदानांवर पाच सामन्यांची लढत सुरू झाली: चार एकेरी आणि शेवटी दुहेरी. यात दोन तगड्या एकेरी खेळाडू असलेला देश एक एकेरी गमावूनही दुहेरीआधीच लढत संपवू शके. बालेवाडीसारख्या तीन सामन्यांच्या रचनेत, म्हणजे दोन एकेरी आणि एक दुहेरी, तशी सोय नाही. एक एकेरी गमावली की सगळं दुहेरीवर येतं.

क्रमाचा नियम नीट समजून घ्यावा. कुस्तीत जोड वजनी गटाप्रमाणे लागते, इथे ती जागतिक क्रमवारीप्रमाणे. कोणत्या दोघी एकेरी खेळणार हे कर्णधार (सहसा स्वतः न खेळणारा संघप्रमुख) ठरवतो, पण त्यांच्यातली वरच्या क्रमांकाची खेळाडू 'एक नंबर' हे ठरलेलं. आधी दोन नंबरच्या भिडतात, मग एक नंबरच्या, शेवटी दुहेरी. चूक इथेच होते: एक नंबरचीच दुहेरीतही लावली आणि तिची एकेरी तिसऱ्या सेटपर्यंत ताणली, तर थोड्याच विश्रांतीनंतर तेच पाय पुन्हा पळवावे लागतात. म्हणून पाच जणींच्या संघात दुहेरीतली जाणकार खेळाडू ठेवणं हा खरा शहाणपणा. गटात २-० झाल्यावरही दुहेरी हलकी घेऊ नये. तीन संघ बरोबरीत अडकले तर जिंकलेल्या सामन्यांचं प्रमाण बघतात.

कर्णधार कोर्टावरच बसतो आणि बाजू बदलताना सल्ला देतो. नेहमीच्या स्पर्धांत प्रशिक्षकाला सहसा ही जागा मिळत नाही.

भारत या स्पर्धेत १९९१ पासून आहे. २०२० मध्ये सानिया मिर्झा आणि अंकिता रैना यांच्या संघाने पहिल्यांदा प्ले-ऑफ (वरच्या स्तरावर जाण्यासाठीची फेरी) गाठलं. बालेवाडीत श्रीवल्ली भामिदिपातीने पाचही एकेरी जिंकल्या आणि न्यूझीलंडपाठोपाठ भारत दुसरा आला. त्या संघात बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती, दुहेरीतली जाणकार.