एकाच अर्थगटातले शब्द एका दमात नकोत

इंग्रजी शिकवणाऱ्या प्राथमिक पुस्तकांत एका पानावर सगळे खेळ, दुसऱ्यावर सगळे छंद आणि तिसऱ्यावर मनोरंजनाचे प्रकार अशी मांडणी बहुधा असते. शब्द शोधायला ती सोयीची असली, तरी पाठांतराला मात्र अडचणीची ठरू शकते.

टॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शिकणाऱ्यांना परिचित शब्दांसाठी बनावट प्रतिशब्द पाठ करायला दिले होते. अर्थाने एकाच गटातले शब्द एकत्र दिले, तेव्हा ते पाठ व्हायला असंबद्ध शब्दांपेक्षा अधिक प्रयत्न लागले. उदाहरणार्थ, सोइंग, निटिंग आणि एम्ब्रॉयडरी हे तीन शब्द एकाच बैठकीत शिकले, की सुई-दोऱ्याचे काहीतरी एवढेच ध्यानात राहते. शिवण कोणती, विणकाम कोणते आणि भरतकाम कोणते, याचा मात्र घोळ होतो. अर्थ जवळचे असल्याने एकाची आठवण दुसऱ्याच्या आड येते.

एका प्रसंगाभोवती गुंफलेल्या शब्दांचे तसे होत नाही, असे त्यांच्याच १९९७ मधील अभ्यासात आढळले. रेफ्री, व्हिसल, गोल, चिअर हे शब्द सामन्याच्या एकाच दृश्यात येतात, पण त्यांतला एक माणूस, एक वस्तू, एक घटना आणि एक क्रिया असल्याने त्यांची सरमिसळ होण्याचे कारण उरत नाही.

शब्द निवडल्यावर ते नुसते वाचत राहणे हा सर्वांत लोकप्रिय आणि बराचसा निष्फळ उपाय आहे. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या शिकवल्या. एकदा बरोबर आठवलेला शब्दही ज्यांना पुनःपुन्हा विचारला गेला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. बरोबर आलेला शब्द ज्यांच्या चाचणीतून वगळला, त्यांना तो पुन्हा वाचायला मिळत असूनही जेमतेम ३५ टक्क्यांच्या आसपास.

त्यामुळे कार्डाच्या एका बाजूला ‘विणकाम’ लिहून, मागची बाजू पाहण्याआधी ‘निटिंग’ स्वतः आठवावे, आणि पहिल्याच दिवशी दहा वेळा घोकण्याऐवजी ही उजळणी काही दिवसांच्या अंतराने करावी. ‘सोइंग’चे कार्ड या गठ्ठ्यात घालायचे ते ‘निटिंग’ न चुकता येऊ लागल्यावरच.